सात दिवसांत तक्रार न आल्यास

१२ जानेवारी, सोमवार. भुईगाव.

पोचलो. दोन बॅगा आणि एक दुखरा गुडघा, तिन्ही शाबूत.

खोली उत्तम आहे. मार्गारेट आंटींच्या घराचा वरचा मजला, खाली केळीची बाग, पलीकडे मोगऱ्याचे वाफे, आणि रस्ता शांत झाला की समुद्र ऐकू येतो. नाताळचा चांदणीदिवा अजून पडवीत लटकतो आहे; तो उतरवायला मुलगा येणार, असं आंटी म्हणतात, तो कधी येणार हे म्हणत नाहीत. गल्ली एवढी अरुंद की समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर आधी एकमेकांच्या घरची चौकशी होते आणि मग वाट मिळते. जेवणाचं विचारताना आंटींना कळलं की मी मासे खात नाही, मटण खात नाही आणि अंड्यालाही शिवत नाही. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तर मग तुमी वसईला कशाला आलात?"

नोकरीला आलो. बावन्नाव्या वर्षी माणूस दुसऱ्या कशासाठी गाव सोडत नाही. संस्कृत घेऊन एम.ए. केलं, अकरा वर्षं शिकवलं, मग विद्यार्थी संपले. त्यानंतर सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहायला लागलो. त्यांना वाचक मुळातच नसतात, त्यामुळे संपण्याची भीती नाही. नाव संग्राम. आजवर सोसायटीच्या सभेतसुद्धा हात वर केलेला नाही.

ही वही सुमेधाने दिली. सुमेधा माझी बायको, कराडला शाळेत गणित शिकवते. निघताना म्हणाली, "रोज फोनवर जे रडगाणं लावतोस ते यात लिही. मला फोनवर जरा चांगलं चांगलं सांग." चोवीस वर्षांच्या संसाराचा हा सारांश मला एकतर्फी वाटला. पण वहीचा कागद चांगला आहे.

आजची तक्रार: उशी फार उंच.

१४ जानेवारी, बुधवार.

ऑफिस वसई पूर्वेला, गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यांवर प्लॅस्टिकचे डबे बनतात, वर आम्ही हजेरी बनवतो. आसपासच्या कारखान्यांत आणि शाळांत कोण आलं, कोण नाही, याची नोंद आमच्या सर्व्हरवर जमा होते. माणूस आला हे आम्ही म्हटल्याशिवाय तो आलेला धरत नाहीत.

सर्व्हर सांभाळतो आग्नेल. वय अठ्ठावन्न, खोकला त्याहून जुना. त्याने काचेच्या खोलीतल्या चार काळ्या पेट्या दाखवल्या आणि सांगितलं की पेट्या चार असल्या तरी त्यांच्या पोटात अडतीस यंत्रं आहेत. व्हर्च्युअल मशीन. खरं लोखंड एका पेटीचं, त्यात दहा जण राहतात, आणि प्रत्येकाला वाटतं अख्खी पेटी आपलीच. वेदान्त शिकवताना मला इतकं सोयीचं उदाहरण कधी सापडलं नव्हतं. आग्नेलचं उदाहरण अधिक चांगलं होतं. "पेइंग गेस्ट आहेत, सर. किचन एक, पण ज्याच्या त्याच्या खोलीला कुलूप."

इथली एक रीत गमतीची आहे. मशीनला नंबर देत नाहीत, माणसाचं नाव देतात. ज्याच्या कामासाठी ते बनलं, त्याचं नाव. म्हणजे बिघडलं की कोणाला हाक मारायची हे लक्षात राहतं. त्यामुळे आग्नेल खोलीतून ओरडतो, "जयवंत अडकलाय, त्याला बंद करून चालू करा," आणि बाहेर खरा जयवंत निवांत डबा खात असतो.

दारात बसते फेलिशिया. फोन घेते, आणि तक्रारींची नोंदवही तिच्याकडे असते. आज संक्रांत म्हणून तिला तिळगूळ दिला. तर विचारते, "सर, आजच्या दिवस गोड बोलायचं की रोज? कारण रोज मला जमणार नाही." तिला माझं मराठी सिनेमासारख्या खालच्या ओळींशिवाय कळत नाही, असंही तिने सर्वांसमोर जाहीर केलं आहे. बरं वाटलं. चेष्टा होते आहे तोवर माणूस हजर आहे असं समजावं.

१९ जानेवारी, सोमवार.

माझं काम म्हणजे या अडतीस जणांची पाठवणी कशी करायची याचं टिपण. कंपनीने हायब्रिड क्लाउड घेतला आहे. काही यंत्रं इथल्या पेट्यांत राहतील, काही भाड्याने घेतलेल्या लांबच्या पेट्यांत, आणि दोन्हीकडचं मिळून घर एकच दिसेल. हा प्रकार मला समजावून सांगावा लागला नाही. माझा संसार सध्या तसाच आहे.

प्रत्येकासाठी पर्याय चार: आहे तसं उचलून तिकडे ठेवणे, सुधारून नेणे, इथेच राहू देणे, पुसून टाकणे. टिपणात मी त्यांना चार आश्रम म्हटलं होतं. मुंबईच्या मुख्य ऑफिसातल्या संपदा मॅडमनी ते वाक्य लाल करून परत पाठवलं.

न्यायची पद्धत आग्नेलची. आधी हुबेहूब नक्कल तिकडे तयार करायची. नक्कल चालू झाली की इथल्या मूळ मशीनची जोडणी तोडायची. पण ते पुसायचं नाही. ते आतल्या आत चालू राहील, कोणाला दिसणार नाही, कोणाला ऐकू येणार नाही. असं सात दिवस ठेवायचं. नक्कल कुठे कमी पडली तर कोणीतरी बोंब मारेलच. ती फेलिशियाच्या वहीत लिहिली गेली, तर मूळ मशीन परत जोडायचं. सातव्या दिवशी सकाळी अकरापर्यंत तक्रार नाही आली, तर मूळ पुसायचं.

सातच का, विचारलं. म्हणाला, त्यांच्यात माणूस गेल्यावर सातव्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना असते, त्यानंतर घरचे कामाला लागतात. त्याला तेवढी मुदत बरी वाटते. मी म्हटलं, आमच्यात दहावा, आणि वर कावळ्याची मर्जी. तो खोकेपर्यंत हसला. मग सातच ठेवले. कावळ्यासाठी तरतूद नाही.

कोणाची तक्रार न येणं हा या धंद्यातला सर्वोच्च सन्मान आहे म्हणे. सुमेधाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, तुला तो कधीच मिळायचा नाही.

२२ जानेवारी, गुरुवार.

पद्धत तपासायला एक बिनकामाचं मशीन बनवलं. घड्याळ दाखवण्यापलीकडे त्याला उद्योग नाही. आग्नेलने कोणाचं नाव देऊ विचारलं. रीत म्हणजे रीत. माझं दे म्हटलं.

एकोणचाळिसावा: संग्राम. पडद्यावर नाव बघून उगाच छाती फुगली. आजवर माझ्या नावाचं काही नव्हतं, साधं दुकानसुद्धा नाही.

आजची तक्रार: गुडघा. भुईगावच्या हवेत दमटपणा फार. सुमेधाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

२८ जानेवारी, बुधवार.

काल पहिली पाठवणी झाली. "फेलिशिया" नावाचं मशीन, म्हणजे फोन आणि तक्रारींचं, आहे तसं उचलून तिकडे. नक्कल चालू, इकडची जोडणी तोडली. कोणाला कळलंही नाही.

खरी फेलिशिया आज वेळेवर आली. रोज वीस मिनिटं उशीर आणि रिक्षावाल्यांचा उद्धार, हा तिचा नेम होता. आज हसून नमस्कार. मी मुद्दाम एक जड शब्द टाकला. तिने नीट ऐकून घेतला आणि धन्यवाद म्हणाली.

३ फेब्रुवारी, मंगळवार.

अकरा वाजता मूळ मशीन पुसलं. अहवालात लिहिलं: तक्रार नाही.

फेलिशिया अजून तशीच. आठवडा झाला, एकदाही माझी चेष्टा नाही. काम चोख. मी जयवंतला विचारलं, हिला काय झालं. तो म्हणाला, "सुधारली ना, सर. तुम्हाला त्रास काय त्याचा?" त्रास काहीच नाही. तक्रार लिहिण्यासारखं तर काहीच नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

काल "आग्नेल" गेलं. बॅकअपचं मशीन.

आग्नेल आज खोकत नाही. दिवसभर लक्ष ठेवून होतो. एकदाही नाही. जिना चढून आला, चेहरा गुलाबी. दोन महिने राहिलेलं काम त्याने जेवणाच्या आत संपवलं. मी सातव्याच्या मिस्सेचा विनोद परत काढला. तो शोभेल तेवढं हसला, आणि मग विचारलं की ही सात दिवसांची पद्धत नेमकी कोणी सुरू केली.

थकलो आहे. वयाचा परिणाम असेल. पण बाकी सगळ्यांचं वय उलटं चाललंय की काय.

९ फेब्रुवारी, सोमवार.

सकाळी आल्या आल्या आग्नेलने आपण होऊन सांगितलं की आज अकराला तो माझं मशीनही हलवणार. यादीत उगाच एक शिल्लक नको म्हणून. मी म्हटलं ते नुसतं चाचणीचं होतं. तो म्हणाला, तरी नियम तोच.

संध्याकाळी सुमेधाला फोन लावला. लागला नाही. नेटवर्कच्या नावाने बोटं मोडली, वहीतच.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

क्रमाने लिहितो.

आंटींनी सकाळी चहा दिला नाही. मी खाली जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्यासमोरून कपबशा उचलल्या. दोन कप होते. दुसरा रिकामा, नुकताच प्यायलेला.

रिक्षा थांबली नाही. एकही नाही. मध्यमवयीन पुरुषाला याची सवय असते, म्हणून बसने गेलो. कंडक्टर माझ्याकडे आला नाही.

ऑफिसात कार्ड लावलं, यंत्र बोललं नाही. फेलिशियाला नमस्कार केला. ती माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होती.

माझ्या खुर्चीत कोणीतरी होतं. पाठमोरं. माझा निळा शर्ट, इस्त्री केलेला. केस कापलेले. जयवंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत होता. मग तो उठला आणि दोन दोन पायऱ्या सोडत जिना उतरून गेला. माझा गुडघा असं करू देत नाही.

मी मागच्या जिन्यात जाऊन बसलो. तिथे खोक्यावर आग्नेल होता. खोकत होता.

तो मला बघून दचकला नाही. म्हणाला, "आलात? या, बसा." चार तारखेपासून तो तिथेच आहे. पहिल्या दिवशी खूप ओरडला. मग घरी गेला, स्वयंपाकघरात बायकोच्या शेजारी उभा राहिला. ती बहिणीला सांगत होती, गेल्या आठवड्यापासून आमचा माणूस माणसात आलाय. आग्नेलला ते खोटं वाटलं नाही. त्यालाही तसंच वाटत होतं.

त्याने मला समजावलं, पहिल्या दिवशी पेट्या समजावल्या तसंच. जोडणी तोडलेल्याने कितीही बोंब मारली तरी ती पोचत नाही. तक्रार जोडलेल्या माणसाची हवी. कोणीतरी म्हणायला पाहिजे की हा तो नाही, आमचा पहिला आणून द्या. तेवढं वहीत चढलं की झालं.

त्याचे सात दिवस उद्या अकराला.

फेलिशियाचे कधी भरले ते मोजलं. तीन तारखेला. मी अहवाल लिहीत होतो तेव्हा ती याच जिन्यात असणार.

११ फेब्रुवारी, बुधवार.

मी आग्नेलजवळ बसलो होतो. त्याला मुदतीबद्दल वाईट वाटत होतं. दहा ठेवायला हवे होते म्हणाला. तुमचा कावळा बरा, निदान कोणीतरी वाट बघतं. मी हसलो. तो पुढे काहीतरी सांगत होता, वाक्याच्या मध्ये होता —

खोकं आहे. खोक्यावर बसल्याचा खळगासुद्धा आहे.

आतून दुसऱ्या आग्नेलचा आवाज ऐकू आला. तक्रार नाही, पुसलं.

माझे सोमवारी. अकराला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

फेलिशियाच्या वहीत मी स्वतः लिहिलं. सुवाच्य अक्षरात, तारखेसह, सही करून. तिने पान उलटलं, पान कोरं. परत लिहिलं. परत कोरं. जयवंतच्या कानाशी ओरडलो. आंटींच्या पडवीत चांदणी उतरवून ठेवली. मागे वळून बघतो तर ती जागेवर. फक्त या वहीत अक्षर टिकतं. हिचीही जोडणी माझ्याबरोबर तुटली असावी.

आंटी शेजारणीला सांगत होत्या, भाडेकरू आता मासे खातो. किती आवडीने खातो.

राहिली सुमेधा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

पहाटेच्या गाडीने कराड. तिकीट कोणी मागितलं नाही. पूर्ण प्रवासात शेजारची जागा रिकामी समजून लोक माझ्या अंगावर पिशव्या ठेवत होते.

दार उघडंच होतं. ती तपासायचे पेपर घेऊन बसलेली. फोन आला. माझा नंबर.

ती हसत होती. चोवीस वर्षांत मी हे हसू चार वेळा पाहिलं असेल.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

तो दिवसातून दोनदा फोन करतो. शाळेचं विचारतो. ऐकून घेतो. मध्ये बोलत नाही.

ती भांडी लावताना गुणगुणते.

सोडून द्यावं का. दमलोय. माझ्याहून तो तिला बरा. अहवाल लिहायचा झाला तर मीच लिहीन, तक्रार नाही.

पण मला वाटतं कोणीतरी — एकदा — माझ्याविषयी तक्रार करावी.

१५ फेब्रुवारी, रविवार.

शिवरात्र. तिचा उपास. फोनवर तिने त्याला सहज विचारलं, गुडघा कसा आहे. तो म्हणाला, छान आहे, काही त्रास नाही. उशी? छान. आंटींचं जेवण? उत्तम. ऑफिस? मस्त.

ती म्हणाली, काहीतरी तर असेल ना रे, सांग. तो म्हणाला, नाही गं, काहीच तक्रार नाही.

फोन ठेवल्यावर तिने चमचा उचलला नाही. साबुदाणा निवून गेला. मग स्वतःशीच, अगदी हळू: हा असं कसं म्हणतो.

सुमे, मी इथे आहे. तुझ्या समोरच्या पाटावर —

१६ फेब्रुवारी, सोमवार.

शाळेत आलोय तिच्या मागून. शिक्षकांच्या खोलीत. भिंतीवर घड्याळ आहे.

१०.४० — सुट्टीची घंटा. ती फोन हातात घेऊन बसली आहे. बाकीच्या बोलतायत, हिचं लक्ष नाही.

१०.४८ — तो नंबर काढला. लावला नाही. जुने मेसेज वाचतेय. माझे. डास, पाणी, गुडघा, उशी. वाचता वाचता डोळे पुसले.

१०.५३ — लावतेय. माझा नंबर नाही. ऑफिसचा.

एंगेज.

१०.५६ — परत. लागला. फेलिशियाचा आवाज, गोड, स्वच्छ. हिने नाव सांगितलं. म्हणाली, माझे मिस्टर तुमच्याकडे आहेत, संग्राम. फेलिशिया म्हणाली, हो, फार चांगले आहेत सर. मग विचारलं, मॅडम, काही तक्रार आहे का, नोंदवून घेऊ का?

१०.५८ — ही खिडकीकडे बघतेय. मी खिडकीतच आहे. तिच्याजवळ जातो. कानाशी. हो म्हण. एवढंच. म्हण गुडघा दुखत नाही म्हणतो. म्हण आमचा रडका परत द्या. काहीही म्हण, पण हो —

१०.५९ — ती अवघडली. परक्या माणसाकडे घरचं कसं बोलायचं. पदर सारखा केला, हसली जरा, आणि म्हणाली, नाही नाही, तक्रार अशी नाही हो, फक्त